धाग्याचा निरोप कोण पोचवतं?

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते. बाकी जवळजवळ सगळी सरकी. ह्या प्रमाणाला आमच्याकडे 'रुईचा उतारा' म्हणतात. उतारा एखाद-दोन किलोनं वर गेला तरी जिनवाल्याचा चेहरा खुलतो, आणि धागा दोन-चार मिलिमीटर आखूड भरला की शेतकऱ्याचा पडतो. सरकारसुद्धा हमीभाव जाहीर करताना मिलिमीटर मोजतं. २०२४-२५ च्या हंगामात २४.५ ते २५.५ मिमीच्या मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७१२१ रुपये होते, आणि २९.५ ते ३०.५ मिमीच्या लांब धाग्याला ७५२१. म्हणजे पाच मिलिमीटरचे चारशे रुपये.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. शिक्षणानं इंजिनियर, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो, पण घरी अजून कपाशी आहे. त्यामुळे उतारा हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. तो नक्की ठरतो कधी आणि कुठे, हे मात्र गावात कोणालाच विचारलं नव्हतं. गेले दोन-तीन विकांत ह्याच प्रश्नाच्या मागे गेले. गंमत म्हणजे ह्या गोष्टीत कापूस अगदी शेवटी येतो. सुरुवात होते गवताच्या एका कोंबापासून, आणि मधे तब्बल सव्वाशे वर्षं जातात. तीच गोष्ट आज सांगतो. थोडी लांबण आहे, चहा घेऊन बसा :-)

आधी धागा म्हणजे काय ते बघू. कापसाचा एक तंतू म्हणजे एक पेशी. पेशींची साखळी वगैरे काही नाही, एकच पेशी! वनस्पतीच्या बहुतेक पेशी मिलिमीटरच्या दहाव्या-शंभराव्या हिश्शाएवढ्या असतात. ही पठ्ठी अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते आणि जाडीला जेमतेम १५-२० मायक्रॉन. फुलाच्या पोटात जी बीजांडं असतात (ह्यांचीच पुढे सरकी होते) त्यांच्या सालीवर ती उगवते. ही साल पेशींच्या एकाच थराची. फूल उमलतं त्या दिवसाच्या आगेमागे ह्या थरातल्या काही पेशी फुगून वर येतात. साधारण चारातली एक. पुढचे तीनेक आठवडे ती नुसती लांब होत जाते, मग तिच्या आतून सेल्युलोजचे थर बसतात. ४५-५० दिवसांनी बोंड फुटतं, पेशी मरते, सुकून चपटी होते आणि तिला पीळ पडतो. त्या पिळामुळेच सूत कातता येतं.

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. पांढऱ्याचं गुलाबी होईपर्यंत किती धागे येणार ह्याचा बराचसा निकाल लागलेला असतो. शेजारी शेजारी बसलेल्या चार पेशी. चौघींत तीच जनुकं, चौघींना तेच पाणी, तेच ऊन. एक धागा होते आणि तिघी सालच राहतात. का? त्या एकीला कोणीतरी काहीतरी निरोप दिला असणार. तो निरोप कोणता, आणि तो तिलाच कसा पोचला?

ह्या प्रश्नात पैसा किती गुंतलाय हे आपल्या मुंबईला फार पूर्वीपासून माहीत आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग मुंबईहून जाणाऱ्या कापसावर त्यांना भागवावं लागलं. तिकडे हिंदुस्थानी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत आणि गिरणीतले कामगार ह्या सुरतेच्या नावानं बोटं मोडत, कारण धागा आखूड, सारखा तुटायचा, आणि मजुरी मिळायची निघालेल्या मालावर. मुंबईत मात्र पैशाचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला. आपला देशी कापूस दुष्काळाला आणि किडीला दाद न देणारा, पण धागा आखूड, हे दुखणं त्यानंतरही राहिलंच. १९२४ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनं माटुंग्याला प्रयोगशाळा काढली (आजची सिरकॉट). तिथे धाग्याची लांबी, बारीकपणा, ताकद मोजायची आणि कोणता वाण कताईला कसा ते ठरवायचं. १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रात सी. टी. पटेल ह्यांनी 'एच-४' हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. १९७६ मध्ये नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली.

म्हणजे धागा मोजायला आणि चांगला निवडायला आपण बऱ्यापैकी शिकलो. निरोपाचा शोध मात्र भलतीकडेच चालू होता, आणि तो लावणाऱ्यांच्या डोक्यात कापूस नव्हताच.

१८८० साल. चार्ल्स डार्विन सत्तरी ओलांडलेले. मुलगा फ्रान्सिस ह्याच्याबरोबर घरच्या घरी प्रयोग करून त्यांनी 'द पॉवर ऑफ मूव्हमेंट इन प्लांट्स' हे पुस्तक छापलं. त्यात एक प्रयोग आहे, ज्याला साहित्य म्हणून गवताचं बी आणि छोट्या टोप्या एवढंच लागतं. कॅनरी गवताचा कोवळा कोंब खिडकीकडे वाकतो. वाकतो तो मधे, बुडाशी. बापलेकांनी कोंबाच्या फक्त शेंड्यावर उजेड आत न येऊ देणारी टोपी घातली. वाकणं बंद! बूड झाकलं आणि शेंडा उघडा ठेवला, तर वाकला. म्हणजे उजेड 'बघतो' शेंडा आणि वाकतं बूड. शेंड्याकडून खाली काहीतरी जातंय. जूलियस सॅक्स ह्या त्या काळच्या बड्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं ह्या घरगुती प्रयोगांना नाक मुरडलं. पण डार्विन बापलेकांचं म्हणणं पुढे खरं निघालं.

१९१० ते १९१३ च्या दरम्यान डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सननं शेंडा कापून मधे जिलेटिनचा तुकडा ठेवला. निरोप जिलेटिनमधून खाली गेला. अभ्रकाचा पातळ पत्रा सावलीच्या बाजूला खुपसला तर अडला. म्हणजे हा निरोप एखादं रसायन असणार. १९२६ मध्ये हॉलंडमधल्या उत्रेख्तला फ्रिट्स वेंट नावाचा तरुण, दिवसा लष्करी नोकरी आणि रात्री वडलांच्या प्रयोगशाळेत काम, असा दिनक्रम पाळत होता. (ऑफिस सांभाळून ब्लॉग लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्यानं ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगरच्या वड्यांवर काही तास ठेवले, मग शेंडे टाकून दिले आणि नुसती वडी बुडख्याच्या एका बाजूला ठेवली. कोंब दुसऱ्या बाजूला वाकला. शेंडा नाही, उजेड नाही, तरी वाकला! निरोप वडीत उतरला होता. आणि किती वाकला ह्यावरून वडीत किती उतरला हे मोजताही येत होतं.

ह्या रसायनाला पुढे 'ऑक्झिन' नाव पडलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाढणं. आता हे ऑक्झिन म्हणजे नक्की कोणतं रसायन? उत्रेख्तच्याच फ्रिट्झ कोगलनं ते शोधायला वापरलं काय, तर माणसांचं मूत्र! त्यातून त्यानं आधी 'ऑक्झिन ए' आणि 'ऑक्झिन बी' अशी दोन रसायनं जाहीर केली. मग १९३४ मध्ये तिसरं सापडलं, इंडोल ॲसेटिक आम्ल. पहिली दोन नंतर कोणालाच सापडेनात. १९६६ मध्ये त्यांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा बाटल्यांमध्ये भलतीच रसायनं निघाली. तिसरं मात्र अस्सल होतं, आणि आज ऑक्झिन म्हटलं की मुख्यतः तेच. ह्या कामातला एक सहकारी आरी हागेन-स्मिट नंतर कॅलिफोर्नियाला गेला आणि लॉस एंजेलिसचं धुरकं गाड्यांच्या धुरापासून कसं बनतं ते त्यानं शोधलं. माणूस एकाच गोष्टीला चिकटून बसत नाही, हे एकूण बरंच आहे.

तर निरोपाचं नाव कळलं. डार्विनपासून मोजलं तर ५४ वर्षं. इथे गोष्ट संपायला हवी होती. निरोप कोणता ते माहीत आहे, कारखान्यात बनवता येतो, मग फवारा आणि वाढवा पीक. झालंही तसंच, पण अर्धवट.

ऑक्झिनसारखंच काम करणारं एनएए नावाचं रसायन 'प्लॅनोफिक्स' ह्या नावानं कृषी केंद्रात मिळतं. कपाशीची पाती आणि फुलं गळू नयेत म्हणून आमच्याकडे ते फवारतात. ह्यात तथ्य आहे. पातीकडून देठाकडे ऑक्झिन वाहत असतं तोवर देठाजवळचा गळण्याचा थर सुटत नाही. एकदा काकांनी मला फोनवर विचारलं होतं, "ह्याचा डोस डबल केला तं रुई जास्त येईन का रे?" प्रश्न अगदी सरळ आहे, आणि कोणताही प्रोग्रामर पहिल्यांदा हेच करून बघेल.

ह्याचं उत्तर युद्धाच्या काळानं फार वाईट तऱ्हेनं दिलेलं आहे. १९४० च्या दशकात २,४-डी हे कृत्रिम ऑक्झिन तयार झालं. तेही ऑक्झिनचाच निरोप देतं, पण झाडाला ते नेहमीसारखं मोडून टाकता येत नाही. मग सगळीकडे एकदम 'वाढा, वाढा' असा गोंधळ होतो, खोड-पानं वेडीवाकडी होतात आणि रुंद पानांचं झाड मरतं. गवतवर्गातली पिकं तग धरतात, म्हणून ते तणनाशक म्हणून चालतं. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ दरम्यान अमेरिकन विमानांनी जंगलांवर फवारलेलं 'एजंट ऑरेंज' म्हणजे २,४-डी आणि त्याचं भावंड २,४,५-टी ह्यांचं मिश्रण. ह्या भावंडाबरोबर आलेल्या डायॉक्सिन विषाची फळं तिथली माणसं नंतर कितीतरी वर्षं भोगत राहिली. आणि कपाशी तर २,४-डी ला फारच हळवी. शेजारच्या शेतातल्या फवाऱ्याचा नुसता वारा लागला तरी तिची पानं अरुंद होऊन बोटांसारखी फाटतात.

म्हणजे तोच निरोप एका ठिकाणी पाती टिकवतो आणि सगळीकडे ओरडून सांगितला तर झाड मारतो. निरोप किती, ह्याच्याइतकंच तो कुठे पोचतो हे महत्त्वाचं. शास्त्रज्ञांचं लक्ष आता रस्त्याकडे वळलं.

रस्त्याचा पहिला धागा (धागाच म्हणायचा!) पुन्हा उत्रेख्तलाच सापडला होता. १९३२ मध्ये वान डेर वाय ह्यानं कोंबाचा तुकडा कापून वर ऑक्झिनची वडी ठेवली, खाली कोरी. ऑक्झिन खालच्या वडीत उतरलं. मग त्यानं तुकडा उलटा केला. आता ते उतरेना. कोंबाच्या मूळ वरच्या टोकाकडून मूळ खालच्या टोकाकडेच जायचं, तुकडा कसाही धरा. म्हणजे पाण्यासारखं उतारानं वाहणं नाही हे. प्रत्येक पेशीला आपलं वर कुठलं आणि खाली कुठलं हे माहीत आहे, आणि पेशी ऑक्झिनला एकाच बाजूनं बाहेर सोडतेय.

हे कसं होतं, ह्याचा सुंदर खुलासा १९७३ ते १९७५ मध्ये झाला. केंब्रिजचे फिलिप रुबरी आणि रुपर्ट शेल्ड्रेक, आणि स्वतंत्रपणे जॉन रेव्हन. त्यासाठी अकरावीचं रसायनशास्त्र पुरतं. ऑक्झिन हे सौम्य आम्ल आहे. पेशींच्या बाहेरचं पाणी आंबट, पीएच साधारण ५.५. तिथे ऑक्झिनच्या सातातल्या एका रेणूवर विद्युतभार नसतो आणि असा रेणू पेशीच्या पातळ पडद्यातून आपोआप आत शिरतो. आत पीएच ७ च्या आसपास. तिथे त्याचा हायड्रोजन सुटतो, त्याच्यावर भार येतो आणि आता तो पडद्यातून परत जाऊ शकत नाही. उंदराचा पिंजरा! आत येणं सोपं, बाहेर पडायला कोणीतरी दार उघडलं तरच. मग तिघांनी तर्क केला की बाहेर पडायची दारं पेशीच्या एकाच बाजूला असतील, तर ऑक्झिनचा प्रवाह आपोआप त्या दिशेला लागेल. एकही दार कोणी पाहिलेलं नव्हतं. नुसतं गणित आणि तर्क.

ह्या शेल्ड्रेकसाहेबांचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण ते आपल्याकडेच आले. १९७४ मध्ये हैदराबादजवळ इक्रिसॅटमध्ये त्यांनी नोकरी धरली आणि तूर-हरभऱ्यावर काम केलं. मग तमिळनाडूतल्या एका आश्रमात राहून निसर्गाला स्मृती असते असा सिद्धान्त मांडणारं पुस्तक लिहिलं. ते १९८१ मध्ये आलं, तेव्हा 'नेचर'च्या संपादकांनी अग्रलेखात हे पुस्तक जाळण्याच्या लायकीचं आहे का असा सवाल टाकला. ते पुस्तक मलाही काही पटलेलं नाही. पण दारांचा तर्क मात्र खणखणीत निघाला. कल्पना तपासून घ्यायची असते, ती कोणाच्या डोक्यातून आली ह्यावर तिचं खरेखोटेपण ठरत नाही.

तपासायला सुरुवात १९८३ मध्ये झाली. मार्क जेकब्ज आणि स्कॉट गिल्बर्ट ह्यांनी वाटाण्याच्या खोडात प्रतिपिंडं वापरून दाखवलं की ऑक्झिन-वाहतुकीशी जोडलेलं काहीतरी पेशींच्या खालच्या टोकाला बसलेलं आहे. पण 'काहीतरी' म्हणजे काय हे कळायला एक विचित्र रोपटं लागलं. मोहरीच्या कुळात अरॅबिडॉप्सिस नावाचं चिमुकलं तण आहे, वनस्पतिशास्त्रज्ञांचा लाडका उंदीर म्हणा. त्याच्या एका बिघडलेल्या वाणाला फुलंच येत नव्हती. खोड वर जायचं आणि नुसती सुई होऊन थांबायचं. म्हणून नाव 'पिन'. (आपल्यासारख्यांना एटीएम आठवतं, पण ही टाचणीतली पिन.) १९९१ मध्ये जपानमध्ये कियोताका ओकाडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ह्या सुईच्या खोडात ऑक्झिन बनतं, पण त्याची वाहतूक फारच कमी होते. आणि चांगल्या रोपाला वाहतूक रोखणारं रसायन दिलं तर त्याचीही अशीच सुई होते. १९९८ मध्ये जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या क्लाउस पाल्मे ह्यांच्या गटानं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. त्या जनुकापासून ६२२ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं, ते पेशीच्या पडद्यात बसतं, आणि खोडातल्या पेशींच्या खालच्या टोकालाच बसतं. बरोबर जिथे रुबरी-शेल्ड्रेक-रेव्हन ह्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर दार काढलं होतं तिथेच.

पुढे कळलं की अरॅबिडॉप्सिसमध्ये अशी आठ पिन जनुकं आहेत आणि प्रत्येकाची ठिकाणं वेगळी. त्याहून मजेची गोष्ट, ही दारं हलतात. २००२ मध्ये यिर्झी फ्रिम्ल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मूळ आडवं केलं की 'पिन-३' ही दारं थोड्याच वेळात पेशीच्या नव्या खालच्या बाजूला सरकतात. झाड रस्ते सतत बदलत असतं. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर निरोपाचा मजकूर कायम एकच, पण कोणत्या सर्व्हरनं तो कोणाकडे पाठवायचा ही यादी दर क्षणाला नवी. सगळी अक्कल त्या यादीत.

आता कापसाकडे येऊ या. १९७३-७४ मध्ये, म्हणजे दारांचा तर्क चालू होता त्याच सुमारास, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला सी. ए. बीसली आणि अर्विन टिंग ह्यांनी कपाशीच्या फुलातली बीजांडं काढून काचेच्या भांड्यात द्रवावर तरंगत ठेवली. द्रवात साखर आणि क्षार होते. परागण न झालेल्या बीजांडांवर एरवी धागे वाढत नाहीत. पण द्रवात ऑक्झिन आणि जिबरेलिन ही दोन संप्रेरकं घातली तर झाडाविना, बोंडाविना, भांड्यातच पांढरेशुभ्र धागे वाढले. ऑक्झिन हा धाग्याचा निरोप आहे हे त्यातून दिसलं.

भांड्यात जमलं, पण शेतात कसं जमवणार? सगळ्या झाडावर ऑक्झिन ओतणं म्हणजे काय होतं ते वर बघितलंच. २०११ मध्ये चीनमधल्या चोंगकिंगच्या साउथवेस्ट विद्यापीठातल्या पेई यान ह्यांच्या गटानं 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त ह्यावरचा तोडगा छापला. झाडांना गाठी आणणाऱ्या एका जिवाणूत ऑक्झिन बनवायला मदत करणारं जनुक असतं. ते त्यांनी कपाशीत घातलं. पण त्याच्या पुढे पिटुनियाच्या फुलातला एक डीएनएचा तुकडा जोडला, जो जनुकाला सांगतो की 'तू फक्त बीजांडाच्या सालीत, आणि फक्त धागे सुरू होण्याच्या दिवसांत चालू हो.' पान, खोड, मूळ, सगळीकडे जनुक आहे, पण गप्प. चार वर्षं शेतात चाचणी घेतली. रुईचं उत्पादन दर वर्षी १५ टक्क्यांहून जास्त वाढलेलं मिळालं, आणि धागा आणखी बारीक झाला. रुई वाढली ती मुख्यतः धागे जास्त उगवल्यामुळे. उताऱ्याची चावी नेमकी इथे आहे.

मग उलटा प्रश्न. साध्या कपाशीत, जिथे असं कोणी काही घातलेलं नाही, तिथे त्या चारातल्या एका पेशीत ऑक्झिन येतं कुठून? ती स्वतःच बनवते का? त्याच गटानं २०१७ मध्ये ह्याचं उत्तर दिलं. धाग्याच्या पेशीतलं ऑक्झिन मुख्यतः बीजांडाच्या बाहेरून, वाहतुकीनं येतं, आणि आणणारी आहेत कपाशीची पिन जनुकं. बीजांडाच्या सालीतली ही पिन जनुकं दाबून टाकली, तर त्या पेशींमध्ये ऑक्झिन कमी साचलं आणि धागे कमी उगवले. डार्विनच्या गवतात शेंड्याकडून बुडाकडे निरोप नेणारी जी दारं, त्यांचीच भावंडं कपाशीच्या फुलात कोणती पेशी धागा होणार हे ठरवायला हातभार लावतात. २०२२ मध्ये तर तीन गटांनी अरॅबिडॉप्सिसच्या पिन-१, पिन-३ आणि पिन-८ ह्या प्रथिनांची रचना अणूंच्या पातळीवर टिपली. प्रथिनाचा एक भाग ऑक्झिनला धरून लिफ्टसारखा सरकतो आणि पलीकडे सोडतो. तर्क मांडल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी दाराची कडी-कोयंडी दिसली.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी उद्या पिन जनुकाचं बियाणं मागत सुटेल :-) धाग्याची लांबी-ताकद नुसत्या ऑक्झिननं ठरत नाही. जिबरेलिन, इथिलीन, वाण, पाऊस, पोटॅश, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. आणि चोंगकिंगच्या त्या कपाशीचा आपल्या शेतांशी अजून तरी काही संबंध नाही. भारतात २००२ पासून लागवडीला मान्यता मिळालेल्या बीटी कापसात घातलेली जनुकं बोंडअळी मारण्यासाठी आहेत. त्यांचा रुईच्या उताऱ्याशी थेट संबंध नाही. आणि गुलाबी बोंडअळीनं तर त्यांनाही पचवलं, हे २०१७ मध्ये विदर्भानं चांगलंच अनुभवलं.

मग ह्या सगळ्याचा आज उपयोग काय? मला विचाराल तर एक फार साधा आणि रोखठोक उपयोग आहे. जुलै-ऑगस्ट आला की आमच्याकडच्या कृषी केंद्रांत टॉनिकच्या बाटल्यांची रांग लागते. वाढ, फुटवा, फुलधारणा, उतारा, सगळं एकाच बाटलीत. कोरडवाहू शेतकरी उधारीवर त्या घेतो आणि बोंडं फुटल्यावर फेडू म्हणतो. ह्या बाटल्यांमागचा विचार १९३४ सालचा आहे. निरोपाचं रसायन सापडलं, आता जास्त ओता. त्यानंतरच्या नव्वद वर्षांनी जे शिकवलं ते बाटलीत मावत नाही. फूल पांढरं असतं तेवढ्या एक-दोन दिवसांत, बीजांडाच्या एका थराच्या सालीत, चारातल्या एका पेशीपाशी निरोप पोचला तर धागा. चार पानांवर पडला तर पानं वाकडी, आणि पैसे गेले ते वेगळेच.

तेव्हा कोणी तुम्हाला किंवा तुमच्या गावाकडच्या माणसांना 'हे मारा, रुई वाढते' म्हणून बाटली पुढे केली, तर त्यात काय आहे हे विचाराच, पण त्याच्या पुढचा प्रश्नही विचारा: हे पोचणार कुठे, आणि कोणत्या दिवशी? दुकानदाराकडे ह्याचं उत्तर नसेल तर बाटली परत ठेवायला हरकत नाही.

असो. आज एवढंच. पुढच्या विकांताला भेटू.